लोणीची मुलगी, पुण्याची बाग

लोणी म्हटले की पुण्याच्या माणसाला लोणी काळभोर आठवते आणि नगरकडच्या माणसाला प्रवरेचे लोणी. आमचे लोणी तिसरे. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, बेल्हे-जेजुरी रस्त्यावर. शेजारी खंडोबाचे धामणी आणि नावातच पीर असलेले वडगावपीर. आंबेगाव म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे भीमाशंकरचे जंगल, डिंभे धरण आणि भाताची खाचरे येतात. ते सगळे पश्चिमेला. पूर्वेला आले की डोंगर उघडे पडतात, पाऊस जेमतेम होतो आणि माणसे बाजरी, ज्वारी, कांदा आणि दुधावर दिवस काढतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे ही इथली जुनी सवय.

अशा गावात ‘बाग’ या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. जमीन एक तर जिराईत, नाही तर बागाईत. ज्याच्या विहिरीला पाणी त्याची बाग. चार माणसांनी संध्याकाळी जाऊन बसायची, मुलांनी खेळायची सार्वजनिक बाग ही शहरातली गोष्ट. म्हणून लोणीतल्या एका मुलीला पुण्यात ‘बागेत’ इंटर्नशिप मिळाली, तेव्हा तिच्या घरात जे झाले ते होणारच होते.

ही मुलगी मुलाण्यांची. वडिलांचे शिलाईचे दुकान, शाळेचे गणवेश हा मुख्य धंदा. ती दहावीपर्यंत माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकली, आता मंचरच्या महाविद्यालयात संगणकाची पदवी करते आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. कुणी त्याला इंटर्नशिप म्हणते, कुणी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’. चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तास. ते पूर्ण झाले नाहीत तर पदवी अडते. शहरातल्या मुलांना हे सोपे आहे. लोणीच्या मुलीने वेब डिझाइनची इंटर्नशिप कुठे करायची? गावात झेरॉक्सचे दुकान आहे, तिथे आधार कार्डाची प्रत निघते, वेबसाइट निघत नाही.

तिने आधी दोन-तीन ठिकाणी विचारले. एका ठिकाणी सांगितले, पाच हजार रुपये भरा, यायची गरज नाही, प्रमाणपत्र घरी येईल. वडिलांना हे पटण्यासारखे होते. पोरगी घरात राहते आणि कागदही मिळतो! ती मात्र अडून बसली. “अब्बा, मग मी शिकणार काय?” शेवटी कॉलेजच्या एका मॅडमनी पुण्यातल्या एका छोट्या कामाचा पत्ता दिला. दोघे तरुण, एक मुलगी आणि एक मुलगा, दुकानदारांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट करतात. पैसे मागत नाहीत, फार देतही नाहीत, येण्याजाण्याचा खर्च तेवढा देतात. फक्त त्यांना ऑफिस नाही. घरातल्या एका खोलीत काम चालते, तिथे सहा मुले मावत नाहीत. म्हणून आठवड्यातून तीन सकाळी छत्रपती संभाजी उद्यानात बसायचे, बाकीचे काम घरून.

तिची आई मला भेटायला मंचरला आली. “बाजी, बागेत पोरं-पोरी कशाला बसतात ते सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणी पाहिलं आणि गावात सांगितलं, तर आम्ही कुणाकुणाला समजावणार?” वडिलांचा प्रश्न वेगळा होता. “मॅडम, ज्याला ऑफिस नाही तो काय शिकवणार?”

दोन्ही प्रश्न खोटे नव्हते. मुलीच्या नावाची भीती आपल्या घरांत किती खोल असते ते मी सांगायला नको. नुसते “जमाना बदलला आहे” म्हणून ती भीती जात नाही. मी म्हटले, आधी मी जाऊन पाहते. सुट्टी होती, मुलीची खाला कोंढव्याला राहते, राहण्याचा प्रश्न नव्हता. मग मी आणि ती, दोघी निघालो.

मंचरहून एसटीने पुणे म्हणजे खेड, चाकण आणि मग नाशिक फाट्यापर्यंत गर्दीत रखडणे. चाकणचा चौक आला की गाडीतले लोक आपोआप मोबाइल काढतात, कारण आता बराच वेळ हलायचे नाही हे ठरलेले. पूर्वी गाडी शिवाजीनगरच्या स्थानकात जायची, मेट्रोच्या कामासाठी ते स्थानक वाकडेवाडीला हलवले. रात्री कोंढव्यात खालाकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सिटी बसने डेक्कनला आलो.

संभाजी उद्यान जंगली महाराज रस्त्यावर आहे. एका अंगाला रस्ता, मागे मुठा नदी, शेजारी बालगंधर्व रंगमंदिर, आणि त्याच रस्त्यावर पुढे आठव्या शतकातली पाताळेश्वराची लेणी. आता मेट्रोचे स्थानकही उद्यानाच्या नावाने आहे. आम्ही आत गेलो तेव्हा आठ वाजले होते. सकाळची बाग ही संध्याकाळच्या बागेहून अगदी वेगळी असते हे मला त्या दिवशी कळले. कानटोपी घातलेले आजोबा फेऱ्या मारत होते. एका बाजूला बायकांचा योगाचा वर्ग. माळी पाइप ओढत होता. नातवंडाला घसरगुंडीवर बसवून एक आजी पोथी वाचत होती. कोपऱ्यात कुणीही लपलेले नव्हते. आणि लपायला जागा तरी कुठे होती? सगळे सगळ्यांना दिसत होते.

ही मुले एका झाडाच्या पाराभोवती गोल करून बसली होती. चार मुली, दोन मुलगे, त्यांतली दोन मुले सातारकडची. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. माझी ओळख करून दिल्यावर ती पटकन उठली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही पूर्ण वेळ बसा, आम्हाला आवडेल.” मी बसले. मशिदीच्या खांबाला टेकून उस्ताद शिकवत आहेत आणि भोवती विद्यार्थ्यांचा हलका आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या उस्तादांनाही ऑफिस नव्हते! अर्थात त्यांच्याकडे इल्म होते आणि इथे काय आहे ते पाहायचे होते.

पहिल्या तासात लॅपटॉप कुणी उघडलाच नाही. त्यांना सरावाचे काम दिले होते, ज्या बागेत बसतो त्याच बागेचे माहितीपान करायचे. बाईंनी सगळ्यांना कागद-पेन्सिल घेऊन फिरायला पाठवले. सांगितले, बागेत पहिल्यांदा येणारा माणूस काय विचारेल तेवढे लिहून आणा. मुले अर्ध्या तासाने आली. बाग किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते, फाटके किती, पिण्याचे पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, गाडी कुठे लावायची. एकाने लिहिले, चाकाची खुर्ची आत येते का. आमच्या मुलीच्या कागदावर शेवटी एक ओळ होती: बाळाला दूध पाजायला आडोसा आहे का? बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. दोन्ही मुलगे खाली बघायला लागले. बाई म्हणाल्या, “हा प्रश्न माझ्याही मनात आला नव्हता. हा पानावर वर घ्यायचा.” घरात धाकट्या भावंडांना सांभाळलेल्या मुलीला जे दिसते ते नुसता कोड शिकलेल्याला दिसत नाही.

मग कोड. एचटीएमएल म्हणजे पानाचा सांगाडा, कुठले शीर्षक, कुठला परिच्छेद, कुठे चित्र. सीएसएस म्हणजे त्यावरचा कपडा, रंग, अक्षराचा आकार, मोकळी जागा. शिंप्याच्या मुलीला हे समजावावे लागले नाही. ती मला हळूच म्हणाली, “मॅडम, आधी कापड बेतायचं आणि मग शिवायचं.” पान मोठ्या पडद्यावर वेगळे दिसते, मोबाइलवर वेगळे, म्हणून दोन्हींसाठी माप घ्यायचे, हेही तिला गणवेशासारखेच वाटले असणार. मोबाइलने काढलेला फोटो चार-चार एमबीचा असतो. तो तसाच टाकला तर लोणीसारख्या ठिकाणी, जिथे नेटवर्क दोन काड्यांवर असते, पान उघडायच्या आत माणूस कंटाळून जातो. म्हणून फोटो लहान करायचा. आणि प्रत्येक फोटोला शब्दांत वर्णन जोडायचे, कारण अंध माणसाचा मोबाइल ते वाचून दाखवतो. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली.

एका गोष्टीत मात्र माझी मदत लागली. आमच्या मुलीला पान मराठीबरोबर उर्दूतही करायचे होते. उर्दू टाकली की सगळी ओळ डावीकडून सुरू व्हायची आणि पूर्णविराम भलतीकडे जाऊन बसायचा. पानाला ‘ही लिपी उजवीकडून चालते’ असे कोडमध्ये वेगळे सांगावे लागते. ते सांगितल्यावर ओळी सरळ झाल्या, पण अक्षर नस्ख वळणाचे आले. आपल्या डोळ्यांना सवय नस्तालीकची, त्यामुळे वाचताना परके वाटत होते. मग ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा फुकट मिळणारा फॉन्ट जोडला. नस्तालीकमध्ये अक्षरे तिरकी उतरतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, नाही तर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीवर पडतात. त्या बाईंना हे माहीत नव्हते, आणि त्यांनी वहीत लिहून घेतले. ज्याला ऑफिस नाही तो काय शिकवणार, या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळाले. जो स्वतः अजून शिकतो आहे तो बरेच शिकवू शकतो.

अकराच्या सुमारास पहारेकऱ्याची शिट्टी झाली. पुण्यातल्या महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. एरवी ही अडचण वाटते, आमच्या दृष्टीने सोय झाली. काम सकाळीच संपते, मुलगी जोहरच्या नमाजाला खालाकडे पोहोचते, संध्याकाळच्या बागेशी आपला संबंधच नाही. वाचक भगिनींना एवढे सांगते, मुलीला कुठे पाठवायचे असेल तर ऑफिसचा बोर्ड किती मोठा आहे ते पाहू नका. कॉलेजचे पत्र आहे का, आधी पैसे मागतात का, वेळ कोणती, बरोबर आणखी मुली आहेत का आणि आपण अचानक गेलो तर बसू देतात का, एवढे पाहा. बंद दाराच्या खोलीपेक्षा उघडी बाग मला त्या दिवशी जास्त भरवशाची वाटली. शिक्षण संपलेल्या मुलामुलींसाठी राज्य सरकारनेही २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले. शिकत असलेल्यांना ती लागू नाही, पण घरातल्या मोठ्या भावंडांसाठी चौकशी जरूर करावी.

दुपार मोकळी होती. मी तिला शनिवारवाड्यात घेऊन गेले. १७३० मध्ये पाया घातलेला, १८२८ च्या आगीत जळालेला वाडा. आता आत जोती, कारंजी आणि हिरवळ उरली आहे, म्हणजे एका अर्थाने तीही सार्वजनिक बागच. तटाच्या दरवाजांमध्ये एक दरवाजा मस्तानीच्या नावाचा आहे. ती त्यापुढे थांबली आणि म्हणाली, “मॅडम, आपलं लोणी हिचंच ना?”

आमच्याकडे हे लहान मुलालाही माहीत असते. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही तीन गावे इनाम दिली होती असे सांगतात. राजा छत्रसालाची ही मुलगी पुण्यात आली, पण पेशव्यांच्या घराने तिला कधी मनापासून आपले म्हटले नाही. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले आणि त्याच वर्षी मस्तानी पाबळला गेली. तिची कबर तिथेच आहे. मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईत जखमी झाला आणि त्यातच गेला. त्याच्या मुलाच्या, अली बहादूरच्या वंशात पुढे बांद्याचे नवाब झाले आणि त्यांतले एक १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. सिनेमा आल्यापासून मस्तानी सगळ्यांना ठाऊक झाली. तिच्या मुलानातवांची गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते.

त्या दरवाजापाशीच तिने ठरवले असावे. बागेचे पान झाल्यावर प्रत्येकाने आपल्या गावाजवळच्या एका सार्वजनिक जागेचे पान करायचे होते. सातारच्या एकाने गावातला घाट घेतला, हिने पाबळ घेतले.

लोणीहून पाबळ त्याच बेल्हे-जेजुरी रस्त्यावर, दक्षिणेला शिरूर तालुक्यात आहे. आम्ही एका रविवारी गेलो, या वेळी तिची आईही बरोबर होती. दगडी भिंतीच्या आवारात कबर आहे. आम्ही फातिहा पढलो. थोड्या वेळाने गावातल्या दोन बायका आल्या, त्यांनी फुले वाहिली आणि हात जोडले. आमच्याशी त्यांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. मुलीने बागेतल्यासारखीच यादी केली. रस्ता कुठून, एसटी कुठे थांबते, सावली कुठे, पाणी कुठे.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू झाली. पानाचे शीर्षक काय द्यायचे? लोक ‘मस्तानीची समाधी’ म्हणतात, रस्ता विचारायचा तर तोच शब्द वापरावा लागतो. आपण कबर म्हणतो, उर्दूत मजार. तिने इंटरनेटवर शोधले तर मस्तानीच्या मृत्यूच्याही तीन-चार कहाण्या मिळाल्या. कुणी अंगठीतले विष सांगतो, कुणी सती, कुणी नुसता दुःखाचा धक्का. ती गोंधळली. “मॅडम, यातलं कुठलं लिहू?” मी म्हटले, जे आपल्याला पक्के माहीत आहे तेवढे लिही. १७४०, पाबळ, इथे तिची कबर आहे. बाकीच्याला ‘असे सांगितले जाते’ म्हणायचे आणि तेही एकाच ओळीत. शीर्षकावर आम्ही बराच वाद घातला. शेवटी तिने लिहिले, ‘मस्तानीची कबर, पाबळ’, आणि खाली पहिलेच वाक्य, ‘गावकरी या जागेला समाधी म्हणतात आणि दोन्ही समाजांचे लोक इथे येतात.’ शोधणाऱ्याला समाधी शब्दाने शोधले तरी पान सापडावे ही तिचीच युक्ती. मला ती बरोबर वाटते. त्या दोन बायकांचा शब्द पुसून आपला शब्द लावण्यात मोठेपणा नव्हता, आणि आपला शब्द सोडून देण्याचीही गरज नव्हती.

पाबळला गेलो तेव्हा विज्ञान आश्रमही पाहिला. हे ठिकाण आपल्या भागात असूनही किती घरांना माहीत आहे, कोण जाणे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएचडी करून आले, मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात होते. ते सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळच्या माळावर शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवायला सुरुवात केली. दुष्काळी गाव त्यांनी मुद्दाम निवडले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने इथे ‘फॅब लॅब’ सुरू झाली, जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक. शहरातली अभियांत्रिकीची मुले इथे प्रकल्प करायला आणि इंटर्नशिपला येतात. आमच्या मुली इंटर्नशिपसाठी चाकणची गर्दी ओलांडून पुण्याला जातात आणि पुण्याची मुले तेवढ्याच अंतरावरून उलटी इकडे येतात, याचे तिच्या आईला हसूच आले. या लॅबच्या जागतिक अभ्यासक्रमात, फॅब अकादमीत, पहिले काम असते स्वतःची वेबसाइट तयार करणे, आणि पुढे दर आठवड्याला काय केले, काय फसले ते त्यावर लिहिणे. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा मला म्हणाली, “म्हणजे बाजी, हे खरंच शिक्षण आहे.”

१२० तास पूर्ण झाले. कॉलेजने श्रेयांक दिले. मी लोणीला गेले तेव्हा मुलीने दुकानातच वडिलांच्या मोबाइलवर पान उघडून दाखवले. यंत्र थांबवून, चष्मा वर सरकवून त्यांनी मराठी सगळे वाचले, मग उर्दू. दोन ठिकाणी बोट ठेवून अक्षर मोठे करायला सांगितले. मग विचारले, “एसटीचा थांबा बदलला तर हे कोण बदलणार?”

“मी.”

“आणि तुझं लग्न झाल्यावर?”

“पासवर्ड माझ्याजवळच राहील, अब्बा,” ती म्हणाली. ते काही बोलले नाहीत. पायाने यंत्र सुरू केले आणि थोड्या वेळाने विचारले, लोणीच्या आठवडे बाजाराचेही असे पान करता येईल का.